हायटेन्शन लाइनजवळचं घर आणि आईचा विसराळूपणा: काही संबंध असतो का?

ओसरी (मंगळवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या वर्षी साताऱ्याचं घर आवरून आईला आमच्याकडे आणलं. वय ७२. पिंपरी-चिंचवडच्या कडेला आमची सोसायटी आहे. तिला जिने नकोत म्हणून मुद्दाम पहिला मजला घेतला होता. तिच्या खोलीच्या खिडकीतून समोर हायटेन्शनचा टॉवर दिसतो, तारा इमारतीपासून साधारण पन्नासेक पावलांवरून जातात. बुकिंगच्या वेळी "ही लाइन जमिनीखालून जाणार आहे मॅडम" असं सांगितलं होतं. ती अजून वरच आहे.

आल्यावर पाच-सहा महिन्यांनी आई विसरायला लागली. "आज गुरुवार का गं?" हे सकाळपासून चार वेळा. माझ्या मुलाला मामाच्या नावाने हाक. गेल्या आठवड्यात कुकर लावला आणि तळाला पाणी घालायचंच राहिलं. शिट्टी होईना, शेवटी करपल्याच्या वासाने मी धावत गेले. ही बाई साताऱ्यात भिशीतल्या बावीस जणींचे हप्ते वही न उघडता सांगायची.

पावसाळ्यात तारांचा चर्रर्र आवाज येतो. तेव्हा आई म्हणते, "डोक्यात माशी बसलीय." सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतंय की विजेच्या लहरींनी स्मरणशक्ती जाते. पाठोपाठ एक गृहस्थ मीटर घेऊन आले, खिडकीत धरलं, लाल दिवा पेटला. मग त्यांनी नऊ हजारांची ‘रेडिएशन शोषणारी’ पट्टी दाखवली. मी अजून घेतलेली नाही, पण झोप लागत नाहीये. कोणाला खरंच माहिती आहे का?

खमंग_काकडी (मंगळवार, रात्री १०:५८)

पहिला रुमाल माझा. नऊ हजारांची पट्टी घेतली तर त्या गृहस्थांची स्मरणशक्ती मात्र नक्की सुधारेल, दरवर्षी बदलून द्यायला न चुकता येतील. (ताई, हलके घ्या. आईंची काळजी वाटणं साहजिक आहे.)

यार्डातला_म्हातारा (मंगळवार, रात्री ११:२०)

३१ वर्षं वीज पारेषणात काढली, त्यातली बरीचशी सबस्टेशनात शिफ्टला. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ताई, आधी लाइन किती केव्हीची, म्हणजे किती हजार व्होल्टची, ते बघा. टॉवरवरून तार जिथे लोंबते तिथे चकत्यांची माळ असते, ती मोजा. साधारण ९-१० चकत्या म्हणजे १३२ केव्ही, १३-१४ म्हणजे २२०, वीसच्या वर गेल्या तर ४००. अखंड रबरी दांडा असेल तर हा हिशोब चालत नाही.

आणि त्या मीटरवाल्याला विचारा की तुमचं यंत्र काय मोजतं, इलेक्ट्रिक फील्ड की मॅग्नेटिक? एकक कोणतं? उत्तर आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या.

ओसरी (बुधवार, सकाळी ७:१५)

काका, चौदा. मुलाने दुर्बिणीतून मोजल्या, मी परत मोजल्या.

रानवाट (बुधवार, सकाळी ९:०२)

चेष्टा सोपी असते. १९७९ साली अमेरिकेत डेन्व्हरमध्ये नॅन्सी वर्थहायमर या बाई घरोघर फिरल्या आणि जास्त करंट वाहणाऱ्या तारांजवळच्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त दिसतो असं दाखवलं. लोकांनी त्यांनाही वेड्यात काढलं. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याच क्षेत्रांना ‘कदाचित कर्ककारक’ म्हटलं. धूर आहे म्हणजे आग असणारच. माझा सल्ला विचाराल तर घर बदला.

यार्डातला_म्हातारा (बुधवार, दुपारी १२:४०)

२२० म्हणजे. ठीक. आता जरा लांबण लावतो, माफी असावी.

लोक व्होल्टेजचा आकडा ऐकून घाबरतात. पण व्होल्टेजमुळे जे बनतं ते इलेक्ट्रिक फील्ड, आणि त्याला भिंत, झाड, छत काहीही अडवतं. लाइनच्या बरोबर खाली मात्र ते जाणवतं. आमच्या ४०० केव्हीच्या यार्डात पावसात छत्री घेऊन गेलो की दांडीच्या लोखंडाला बोट लागताच टचकन चावायची. नवीन पोरं पहिल्या दिवशी छत्री टाकून पळायची. लाइनखालच्या शेतात तारेचं कुंपण असेल तर तिथेही हाच अनुभव.

मॅग्नेटिक फील्ड वेगळं. ते करंटवर ठरतं आणि भिंतीला जुमानत नाही, पण अंतर वाढलं की पटकन मरतं. थ्री-फेज लाइनमध्ये तिन्ही तारांची फील्डं एकमेकांना बरीचशी खाऊन टाकतात, त्यामुळे अंतर दुप्पट केलं की उरतं साधारण चौथाई. २२० च्या लाइनीखाली उभं राहिलात तर काही मायक्रोटेस्ला (हे मॅग्नेटिक फील्डचं एकक) मिळतील. चाळीस-पन्नास मीटरवर बहुधा एकाच्या आत. तुमचं केस वाळवायचं यंत्र डोक्याला चिकटवून धरलंत तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ६ पासून २००० मायक्रोटेस्लापर्यंत आकडे आहेत. तेच एका फुटावर ७ च्या खाली.

‘रेडिएशन’ हा शब्दही इथे जरा फसवा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची तरंगलांबी ६००० किलोमीटर. ती मोबाइलच्या लहरीसारखी घरात घुसून शोषली जात नाही, तिला शोषणारी पट्टी वगैरे तर सोडाच.

आता खरी गंमत. तुमच्या समोरच्या लाइनीत समजा ३०० अँपिअर वाहतोय. तुमच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा असेल तर त्याच्या ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण लोडवर ८४० अँपिअर वाहतात, आणि ते पॅनल काही फुटांवर असतं. मी टॉवरकडे बघत बसलो नसतो. मीटर रूम कुठे आहे ते बघितलं असतं.

बखिया (बुधवार, दुपारी ३:१०)

माझ्या आईने पंचवीस वर्षं मोटरच्या मशीनवर ब्लाउज शिवले. शेवटची सहा वर्षं तिला स्मृतिभ्रंश होता. ती गेल्यानंतर मी एकदा शोधत बसले तेव्हा १९९५ चा एक अभ्यास सापडला, सोबेल आणि सहकाऱ्यांचा, फिनलंड आणि लॉस एंजलिसचे रुग्ण घेऊन केलेला. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये कामावर जास्त चुंबकीय क्षेत्रात राहिलेले लोक साधारण तिप्पट निघाले. आणि ते लोक कोण, तर वीज कामगार नव्हेत. शिवणकाम करणाऱ्या बाया आणि शिंपी! मशीनची मोटर दिवसभर अंगाच्या अगदी जवळ असते ना.

ते वाचून मी दोन दिवस काही बोलले नाही कोणाशी. ती मोटर तिला मीच पहिल्या पगारात घेऊन दिली होती, पाय दुखतात म्हणून.

पांढरा_एप्रन (बुधवार, रात्री ९:३०)

बखियाताई, तो अभ्यास खरा आहे. पण एक सांगते. त्यात आधी आजार बघून मग मागचा व्यवसाय विचारला होता, संख्या लहान होती, आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांचं शिक्षण, उत्पन्न, रक्तदाब हे सगळंही वेगळं असतं. शिक्षण कमी असणं हाच स्मृतिभ्रंशाचा एक पक्का धोका-घटक आहे. नंतरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झालं. त्यात कामाच्या ठिकाणच्या संपर्काशी थोडा संबंध दिसतो, पण ‘संबंध सापडला’ असे अभ्यासच जास्त छापले जात असावेत अशी शंकाही त्यातच आहे. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण त्या एका मोटरीने केलं असं कोणीही डॉक्टर म्हणू शकणार नाही. मोटरीमुळे पाय दुखायचे थांबले होते ना?

रानवाट, २००२ चं वर्गीकरण बालकांच्या ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांमध्ये दिसलेला सांख्यिकी संबंध. हे नेमकं कसं घडतं ते आजही कोणाला सांगता आलेलं नाही. स्मरणशक्तीचा त्यात काही विचार नव्हता. धूर एका घरात आणि बंब दुसऱ्या घरी, असं नको.

स्मरणशक्तीवर थेट प्रयोगही झालेत. १९९८ मध्ये व्हिएन्नात स्वयंसेवकांना ५० हर्ट्झच्या १ मिलिटेस्ला क्षेत्रात बसवून लक्ष आणि शब्द आठवण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा गुण कमी आले. १ मिलिटेस्ला म्हणजे १००० मायक्रोटेस्ला, कुठल्याही घरात दिवसभर नसतं इतकं. न्यूझीलंडमध्ये १०० मायक्रोटेस्लावर ओळखण्याच्या स्मृतीत थोडा फरक आढळला. इतर प्रयोगांत काहीच नाही. २०१० मध्ये सगळं एकत्र तपासलं तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. सिअ‍ॅटलच्या हेन्री लाय यांचे उंदीर ७५० मायक्रोटेस्लात ठेवल्यावर चक्रव्यूहात चुकायला लागले होते, आणि इतर काही प्रयोगांत उंदीर चक्क सुधारलेही.

मेंदूवर परिणाम होतच नाही असंही नाही हं. काही हजार मायक्रोटेस्लाचं, २० हर्ट्झच्या आसपासचं क्षेत्र डोक्याजवळ आणलं तर डोळे मिटूनही कडेला लुकलुक दिसते. हे १८९६ मध्ये दार्सोनव्हाल यांनी नोंदवलं होतं. सामान्य जनतेसाठी ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्लाची आंतरराष्ट्रीय मर्यादा अशा सिद्ध परिणामांपासून बरंच अंतर राखून ठरवली आहे.

ओसरीताई, आता तुम्हाला प्रश्न. आईंना मधुमेह आहे का? गोळ्या कोणत्या? मांसाहार? ऐकू नीट येतं का?

अलिबागचा_पांढरा_कांदा (बुधवार, रात्री १०:०५)

थोडं विषयांतर. विजेच्या क्षेत्राने खरोखर कोणाचं काम बिघडलं असेल तर ते आमच्या गावच्या पाहुण्यांचं! कुलाब्याच्या वेधशाळेत १९व्या शतकापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. त्या करंटने सुया नाचणार हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामाचा दगडही चुंबकत्व नसलेला निवडून आणलेला. दोन्ही ठिकाणी १९०४ ते १९०६ बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. ट्राम सुरू झाली १९०७ ला.

आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. जन्मभर त्यातच राहतो आपण.

यार्डातला_म्हातारा (बुधवार, रात्री १०:३०)

कांदा, सुंदर माहिती, वाचनखूण साठवली. पण पृथ्वीचं क्षेत्र स्थिर आहे, आमचं सेकंदाला पन्नासदा उलटसुलट होतं. शरीरात करंट उत्पन्न होतो तो बदलणाऱ्या क्षेत्रामुळे. म्हणून ४० शी थेट तुलना करून निश्चिंत होऊ नये.

झुरिकची_वारी (गुरुवार, पहाटे २:१२)

इथला एक अभ्यास राहून गेला म्हणून लिहिते. स्वित्झर्लंडमध्ये २००० ते २००५ या काळात सगळ्या देशाची मृत्युनोंद आणि घरांचं लाइनपासूनचं अंतर जोडून पाहिलं, २२० ते ३८० केव्हीच्या लाइनी. ५० मीटरच्या आत १५ किंवा जास्त वर्षं राहणाऱ्यांमध्ये अल्झायमरने मृत्यूची नोंद दुप्पट निघाली. हा २००९ ला छापून आला तेव्हा इथे बरीच चर्चा झाली. पण ५० मीटरच्या आतले रुग्ण मुळातच मोजके होते. नंतर २०१३ मध्ये डेन्मार्कने आपल्या नोंदींतून तसंच करून पाहिलं, फरक जवळपास शून्य.

तरी इथले लोक सावध. नवीन लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर बसवताना, जिथे लोक बराच वेळ राहतात अशा जागी त्यातून १ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त येऊ नये असा २००० पासून नियम आहे. आजार सिद्ध झाला म्हणून नव्हे, जमतंय तर कमी करा म्हणून. मला हे पटतं. आणि ओसरी, १५ वर्षांची गोष्ट आहे ही, तुझी आई वर्षभरापूर्वी आलीय गं.

रानवाट (गुरुवार, सकाळी ८:४५)

म्हणजे दुप्पट निघाली हे मान्य! तरी "काही नाही" म्हणायचं?

झुरिकची_वारी (गुरुवार, दुपारी १:३०)

मी "काही नाही" कुठे म्हटलं? दोन्ही अभ्यास सांगितले. तुम्ही एकच वाचलात.

ओसरी (गुरुवार, दुपारी ४:००)

सगळ्यांचे आभार, किती वेळ काढलात. डॉक्टरताई, आईला १६ वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू. पित्ताची गोळी तर रोज, कोणी दिली होती तेही आठवत नाही. शुद्ध शाकाहारी, दूधही आता पचत नाही म्हणून सोडलंय. ऐकू कमी येतं पण यंत्र लावत नाही, "मला काय कमी ऐकू येतंय, तुम्हीच पुटपुटता."

पांढरा_एप्रन (गुरुवार, रात्री ८:५०)

मग टॉवर दोन आठवडे विसरा आणि उद्या सकाळी बी-१२ आणि थायरॉइड करून घ्या. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी दोन्हींनी बी-१२ घटतं, वर शाकाहार, वर दूध बंद. पुण्यातच डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुरुषांची तपासणी केली होती, त्यात दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं. तुमच्या आईकडे तर तीन कारणं एकाच वेळी आहेत. आणि कान तपासाच. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं?

आणखी एक, जे घरच्यांच्या लक्षात येत नाही. साताऱ्याच्या घरात चाळीस वर्षं मीठ कुठे, बटण कुठे हे हाताला पाठ होतं. नव्या घरात प्रत्येक गोष्ट आठवावी लागते. विसराळूपणा तिथेही सुरू झालेला असू शकतो, दिसला इथे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. चाचण्या ठीक आल्या तरी मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा.

रात्री तारांच्या आवाजाने झोपमोड होते का तेही विचारा. त्या आवाजाला माझा जास्त आक्षेप आहे. झोप मोडली की आठवणी पक्क्या होत नाहीत, याला कुठलं फील्ड लागत नाही.

खमंग_काकडी (गुरुवार, रात्री ९:१५)

काका, ३१ वर्षं यार्डात राहून तुमची स्मरणशक्ती कशी आहे?

यार्डातला_म्हातारा (गुरुवार, रात्री ९:४०)

बायको म्हणते नोकरी लागायच्या आधीही कोथिंबीर विसरायचो.

ओसरी (१७ दिवसांनी, रविवार, सकाळी ११:०५)

धागा वर काढतेय. काकांनी ओळखीतून खरं गॉसमीटर (मॅग्नेटिक फील्ड मोजणारं यंत्र) मिळवून दिलं, स्वतः येऊन कसं धरायचं तेही दाखवलं. आकडे मायक्रोटेस्लात: खिडकीत ०.४. बाल्कनीत ०.५. हॉलमध्ये ०.१. आणि आईच्या उशीवर ३.२!

आम्ही सगळे बघतच राहिलो. रात्री आठला, सगळ्यांचे एसी चालू असताना ४ च्या वर गेलं. काका जिना उतरून खाली गेले आणि हाक मारली, "ताई, मीटर रूमच्या छतावर झोपवलंय तुम्ही आईला." पार्किंगमधली मीटर रूम बरोबर तिच्या पलंगाखाली आहे. सगळ्या बिल्डिंगचं पॅनल. आम्ही वर्षभर पडदे लावले ते टॉवरच्या बाजूला.

पलंग समोरच्या भिंतीला नेला, तिथे ०.३.

आणि बी-१२ आलं ११०, हवं होतं २०० च्या वर. इंजेक्शनं सुरू झालीत. कानाचं यंत्रही लावलं, रुसून का होईना. परवा भाजीवाल्याचे सुटे पैसे तिनेच पकडले, चार रुपये कमी दिले म्हणून. कुकर मात्र अजून आम्ही लावू देत नाही. पुढच्या महिन्यात तज्ज्ञांची वेळ मिळालीय.

रानवाट (रविवार, सकाळी ११:३०)

३.२! स्वित्झर्लंडच्या मर्यादेच्या तिप्पट. बघा, मी म्हणत होतो.

खमंग_काकडी (रविवार, सकाळी ११:४१)

तुम्ही घर बदला म्हणत होतात. त्यांनी पलंग बदलला.

यार्डातला_म्हातारा (रविवार, दुपारी १२:१५)

आंतरराष्ट्रीय मर्यादा २००, हेही त्याच श्वासात लिहावं. आणि ताई, रागावू नका, पण प्रयोग म्हणून तुम्ही सगळं मातीत घातलंत. पलंग, इंजेक्शन आणि कान एकाच आठवड्यात! आता सुटे पैसे कशामुळे पकडले ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

पांढरा_एप्रन (रविवार, दुपारी १२:५०)

काका, त्यांना आई हवीय, शोधनिबंध नको. माझी पैज बी-१२ आणि कानावर आहे. पलंग हलवला त्यालाही माझी ना नाही, फुकट होतं.

ओसरी (रविवार, रात्री १०:२०)

एक राहिलंच. मीटर रूमचा अर्धा भाग शेजारच्या फ्लॅटखाली येतो. तिथे आठ महिन्यांचं बाळ आहे आणि पाळणा बरोबर त्याच कोपऱ्यात. मुलांबाबतचं ते ०.३-०.४ वाचल्यापासून माझं लक्ष तिकडेच जातंय. सांगू का? ती मुलगी आधीच घाबरट आहे, आकडा ऐकला तर माहेरी निघून जाईल.

यार्डातला_म्हातारा (रविवार, रात्री १०:४५)

आकडा सांगू नका. सोसायटीला मात्र लेखी द्या, पॅनलच्या केबल एकत्र बांधून छतापासून खाली आणता येतात, बराच फरक पडतो. अर्ज मी लिहून देतो.

ओसरी (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

जाऊन आले. मीटर नेलं नाही. दुपारची तिरीप पाळण्यावर येते, बाळाला उकडत असेल, समोरच्या भिंतीला लाव म्हटलं. लगेच हलवला.

काका, अर्ज पाठवा.